रुबाबभाऊंचा लुक्मा

पाचोऱ्याच्या स्टेशनामागच्या मशिदीत रमजानला तरावीह पढवायला दरवर्षी बाहेरगावचा हाफिज येई. कधी मालेगावचा, कधी बऱ्हाणपूरचा. गाडीतून उतरला, की हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी तो न्यायला आलेल्या माणसाला एकच विचारी, "मागे कोण आहे?" माणूस म्हणे, "तडवी." एवढं ऐकलं, की हाफिजचा अर्धा शीण उतरे आणि तो चहा मागे.

हे तडवी म्हणजे रुबाब तडवी, रेल्वेतले निवृत्त पॉइंट्समन. वय बासष्ट, अंग काटक, बोलणं मोजकं. गाव त्यांना रुबाबभाऊ म्हणतं आणि मागून हसतं, की नाव रुबाब, पण माणसात रुबाब औषधालाही नाही. गावाचं हे चुकत होतं. रुबाब होता, चांगला पायलीभर होता. फक्त तो वर्षातून एक महिना, रात्री दीड तास, आणि तोही लोकांकडे पाठ करून बाहेर यायचा.

तरावीह ही रमजानच्या रात्रीची नमाज. इशाची, म्हणजे रात्रीची शेवटची नमाज आटोपली, की आणखी वीस रकाती, म्हणजे नमाजची वीस आवर्तनं, उभं राहायचं आणि महिनाभरात सगळं कुराण ऐकून पुरं करायचं. फर्ज नमाजसारखी ती अटळ नाही. दिवसभर रोजा धरून दुकानदारी नाहीतर मजुरी केलेली माणसं आपल्या खुशीनं तिथे उभी राहतात. सगळ्यांच्या पुढे हाफिज असतो, म्हणजे ज्याला आख्खं कुराण तोंडपाठ आहे असा माणूस. हातात पुस्तक नाही, नजर जमिनीवर. त्याच्या बरोब्बर मागे, पहिल्या ओळीच्या मधोमध, आणखी एक हाफिज उभा करतात. त्याला सामे म्हणतात, म्हणजे ऐकणारा. पुढचा अडला किंवा चुकला, की मागच्यानं दोन शब्द पुरवायचे. त्या पुरवण्याला लुक्मा म्हणतात. लुक्मा म्हणजे घास.

पस्तीस वर्षं रुबाबभाऊ असे घास देत आले होते. त्यांचा लुक्मा इतका हलका, की पुढच्याच्या कानी पडे आणि शेजारच्याला वाटे, तडवी खाकरले. सलाम फिरवून नमाज संपली, की कुठे अडलं, किती वेळा अडलं, याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. हाफिज रमजान संपवून कपडे-मिठाई घेऊन हारतुऱ्यांसकट गाडीत बसत. हार घास खाणाऱ्याच्या गळ्यात पडतो, घास देणाऱ्याच्या नाही. रुबाबभाऊंना त्याचं काही नव्हतं. पस्तीस वर्षांत आपला एकही लुक्मा चुकीचा गेला नाही, हे त्यांना माहीत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं पोट भरत होतं.

ते स्वतः पुढे का नाही उभे राहिले, त्यालाही एक गोष्ट आहे. रुबाबभाऊ सातपुड्याच्या पायथ्याचे, यावलच्या वरच्या अंगाला पंचवीस घरांची तडवी आदिवासींची वस्ती आहे तिथले. बाप जंगलात लाकूड तोडायला जाई. दहाव्या वर्षी कुणा भल्या माणसानं पोराचं डोकं बघून त्याला मदरशात नेलं आणि सतराव्या वर्षी पोरगं हाफिज होऊन परत आलं. वस्तीत तोवर कुणाला कुराणाच्या तीस पाऱ्यांतला, म्हणजे भागांतला, धड एक पारा येत नव्हता. सगळी वस्ती त्याला बघायला अंगणात जमली होती म्हणतात. पुढे रेल्वेत लागून ते पाचोऱ्याला आले आणि मशिदीत एकदा त्यांना पढवायला सांगितलं. तेव्हाचे एक म्हातारे, आता ते हयात नाहीत, चार लोकांत म्हणाले, "पाठांतर पक्कं आहे, पण उच्चार डोंगरातला आहे." लोक हसले. रुबाबभाऊही हसले. त्या वर्षी सामे म्हणून मागे उभे राहिले ते राहिलेच. मशिदीत बोलायचं झालं तर ते उर्दू बोलत, तीही शब्द निवडून निवडून, अनोळखी घरात पाय पुसून शिरावं तशी. घरची बोली मशिदीच्या पायरीबाहेर राही.

पण पाठांतर ही गोष्ट एकदा मिळवली आणि झालं, अशी नसते. रोज राखावी लागते, नाहीतर वर्षभरात माळरान होतं. रुबाबभाऊ ते रुळावर राखत. तेव्हा पाचोऱ्याहून जामनेरला छोटी गाडी जायची. लोक तिला पीजे म्हणत. पीजेचे सांधे हातानं दांडा ओढून बदलावे लागत. गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायची ती पॉइंट्समननं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रुबाबभाऊ हातात हिरवे-तांबडे बावटे घेऊन सिग्नलपर्यंत चालत जात आणि परत येत, तेवढ्यात एक पारा म्हणून होई. सदतीस वर्षांत एकही सांधा चुकीचा पडला नाही. निवृत्तीच्या वेळी साहेबानं हे बोलून दाखवलं, तेव्हा ते मान खाली घालून उभे होते. तिथेही पोट भरलं होतं.

त्यांचा मुलगा मुनाफ. वय चोवीस. भडगाव रोडला त्याचं विहिरीच्या मोटारी वायंडिंग करायचं दुकान आहे. बापाकडूनच शिकून तोही हाफिज झाला. दिवसभर तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता ओठ हलत असत. गिऱ्हाईक विचारी, "किती वेढे झाले?" तर हा म्हणे, "थांबा, आयत पुरी होऊ द्या." आयत म्हणजे कुराणातली ओळ. आवाज असा लाभला होता, की शेजारचा टायरवाला पंप बंद करून ऐके. उच्चारात डोंगराचा लवलेश नाही, तेवढी काळजी बापानं घेतली होती.

यंदा मशिदीचे सेक्रेटरी सलाउद्दीन पिंजारी, ज्यांचं बाजारात गादीघर आहे, ते आपण होऊन घरी आले. म्हणाले, "रुबाबभाई, या वर्षी बाहेरचा नको. आपला मुनाफ पढवेल." रुबाबभाऊ म्हणाले, "विचारतो त्याला." आणि पिंजारी गल्लीच्या तोंडाशी पोहोचले नसतील, तोवर घरात बायकोला, जैतूनबाईंना, तीनदा सांगून झालं होतं. त्या रात्री माणसाला झोप नव्हती. बातमी वस्तीत गेली. तडव्याचं पोरगं पाचोऱ्याच्या मशिदीत पुढे उभं राहणार.

सहा रात्री निर्विघ्न गेल्या. सातव्या रात्री वस्तीवरून पिकअप भरून माणसं आली. चुलते, मेहुणे, मामेभाऊ, बरोबर केळीचा एक घड आणि फडक्यात बांधलेल्या चारोळ्या. रोजा सोडून सगळे नव्या टोप्या घालून मशिदीत आले आणि मागच्या ओळीत अवघडून उभे राहिले. बायका शेजारच्या घराच्या गच्चीवर बसल्या होत्या. तिथे स्पीकरमधून आवाज येतो.

त्या रात्री मूसा पैगंबर आणि इजिप्तच्या राजाच्या, फिरऔनच्या, जादूगारांची हकिगत होती. ही हकिगत कुराणात निरनिराळ्या सुरांत, म्हणजे अध्यायांत, येते आणि कितीतरी शब्द अगदी सारखे. हाफिज लोकांना असल्या जागांची फार धास्ती असते. एका सुरेतून निघालेला माणूस नकळत दुसरीत पोहोचतो. रुबाबभाऊ मुलाला शिकवताना म्हणत, "इथं सांधा हाये. सांभाळून."

मुनाफ त्या सांध्यापर्यंत सुरेख आला. तिथे तो श्वास घ्यायला थांबला.

आणि रुबाबभाऊ तेव्हा कुठे होते? उभे होते पहिल्या ओळीत, हात बांधून. मन मात्र शेवटच्या ओळीत होतं. मेहुण्याला ऐकू येतं का नीट? चुलत्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल का? डोंगरातला उच्चार म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा नातू याच ओळीत उभा आहे, त्याला कळतंय का, पुढे कोण आहे? असं मन हिंडत असताना अचानक आवाज थांबला. शांतता कानावर आली आणि ते दचकले. आपण कुठल्या सुरेत आहोत, हेच क्षणभर सुचेना. जादूगार, फिरऔन, एवढंच ध्यानात आलं. पोरगं अडलं, असं वाटलं आणि पस्तीस वर्षांची सवय जिभेवर आली. त्यांनी लुक्मा दिला. दुसऱ्या सुरेचा.

मुनाफनं तो तसाच उचलला. मागून आलेला आवाज बापाचा होता आणि तो आवाज आयुष्यात कधी चुकला नव्हता. सात-आठ आयती तो त्या वाटेनं गेला. मग पाऊल अडखळलं. आपण कुठे आलो, हे त्याला उमगलं. तो थांबला. रुबाबभाऊंनाही त्याच वेळी उमगलं आणि त्यांची वाचा बसली. पंख्यांचा आवाज येत होता. अखेर मुनाफ पठण तिथेच सोडून रुकूत वाकला. उरलेल्या रकाती त्यानं पुऱ्या केल्या, पण आवाजातला जीव गेला होता आणि पुढेही तो दोनदा अडखळला.

सलाम फिरवल्यावर कुजबुज सुरू झाली. मागच्या लोकांना एवढंच कळलं होतं, की पोरगं चुकलं आणि बापानं सावरायला बघितलं. कुराण पाठ असलेले मशिदीत दोघंच, बाप आणि लेक. चूक कुणाची हे त्या दोघांशिवाय कुणाला कळणार? पिंजारी जवळ आले. माणूस वाईट नाही. त्यांनी रुबाबभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरगं अजून कच्चं आहे, रुबाबभाई. उद्यापासून मालेगावच्या बदरुद्दीन हाफिजना बोलावतो. बरं झालं तुम्ही मागे होतात, नाहीतर आज फजिती होती."

रुबाबभाऊंना तोंडात मारल्यासारखं झालं. बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पस्तीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात कशी उधळायची? मुनाफ चपला शोधत होता. त्यानं बापाकडे बघितलंही नाही.

वस्तीचे लोक केळीचा घड ओट्यावर ठेवून लवकर निघाले. दोघे चुलते तेवढे मुक्कामाला राहिले. जाताना मेहुणा म्हणाला, "होते अशी चूक, लहान हाये पोरगं." दिलासा द्यायला म्हणाला बिचारा.

घरात जैतूनबाईंनी भांडी आवरली आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या. त्यांना कुराण पाठ नाही. पण दोन महिने याच घरात बापलेकांची उजळणी चालली होती आणि त्यांनी ती पोळ्या लाटताना रोज ऐकली होती.

"पोरगं दम घेत व्हतं," त्या म्हणाल्या.

रुबाबभाऊ टोपीची घडी घालत राहिले.

"रोज तिथं तो दम घेते. मले माहीत हाये. तुमाले माहीत नाई?"

एवढं बोलून त्या आडव्या झाल्या.

रुबाबभाऊंना पडल्या पडल्या फक्त छत दिसत होतं. मध्यरात्र उलटल्यावर ते तहज्जुदला उठले. ही नमाज तरावीहपेक्षाही एकट्याची. झोपेतून उठून, कुणाला न सांगता, अल्ला आणि आपण. बाहेरच्या खोलीत उभे राहिले आणि हात बांधले, तर गच्चीवरून आवाज आला. मुनाफ. तोच सांधा. तो म्हणत होता, थांबून श्वास घेत होता, पुढे जात होता. योग्य वाटेनं, एकदा, दोनदा, पाचदा. एकदाही चुकला नाही. रुबाबभाऊंना स्वतःची नमाज पुरी करणं जड गेलं. मग ते गच्चीवर गेले.

"तू बरोबर व्हता," ते म्हणाले.

"हो, बा."

"मंग माहा लुक्मा काऊन घेतला?"

"मागं तुम्ही व्हते."

"आन सांगितलं काऊन नाई? पिंजारी मले शाबासकी देत व्हते. तू तिथंच उभा व्हता."

मुनाफनं चटईची घडी घातली. "माहं काय, बा. मी पुढच्या वरसी पढवीन, नाईतर त्याच्या पुढच्या. तुमचं नाव पस्तीस वरसांचं हाये." चटई काखेत मारून म्हणाला, "सहरीची वेळ झाली. चाला खाली."

रुबाबभाऊ सहरीला, रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला, बसले. घास हातात तसाच राहिला आणि पाण्यावर रोजा धरला.

सकाळी स्टेशनाच्या बाकावर झुलाल पाटील भेटले. झुलाल जामनेर रस्त्याच्या फाटकावर गेटमन होते. दोघांची नोकरी बरोबरीनं झाली आणि दोस्ती अजून टिकली आहे. रुबाबभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. झुलालनं तरावीह कधी पाहिली नव्हती, पण सांधा म्हणताच त्यांना सगळं समजलं.

"मानूस मरना का?" झुलालनं आपल्या अहिराणीत विचारलं.

"नाई."

"गाडी उतरनी का?"

"उतरली ना. पोरगं उतरलं."

झुलालनं तंबाखू मळता मळता हात थांबवला. "ध्यान शे का तुले, मना हाते फाटक उघडं राही गयथं? मी म्हने, कोनी देखं नही, झाकली मूठ सव्वा लाखनी. तवय तूच माले मास्तरकडे धाडेल व्हतं. म्हने, त्यानी इचारानं पयले सांगी टाक. पंधरा दिवस घर बसनू मी. पन नंतर झोप लागनी." त्यांनी तंबाखूची चिमूट ओठात सोडली. "आते माले कसाले इचारस?"

रुबाबभाऊ उठले आणि घरी आले.

संध्याकाळी बदरुद्दीन हाफिज मालेगावच्या बसनं आले. सत्तरीचे गृहस्थ, अकरा वर्षांपूर्वी एकदा इथे पढवून गेलेले. मशीद कालच्यापेक्षाही भरली होती, कारण फजितीची बातमी पाय लावून फिरते. इशाची नमाज झाली. तरावीहसाठी ओळी लागायच्या आधी पिंजारी मालेगावच्या हाफिजना पुढे चला म्हणून सांगू लागले, तेव्हा रुबाबभाऊ पहिल्या ओळीतून बाहेर आले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पस्तीस वर्षांत या मशिदीनं त्यांचं तोंड असं समोरून पाहिलं नव्हतं. दोन्ही चुलते मागच्या ओळीत होते. मुनाफ खांबापाशी होता.

ते बोलायला लागले आणि जपून ठेवलेली उर्दू आलीच नाही. आली ती घरची बोली, डोंगरातली.

"काल चुकी पोराची नव्हती. माही व्हती. मुनाफ बरोबर चालला व्हता. दम घ्याले थांबला. म्या मधातच दुसऱ्या सुरेचा लुक्मा देला, अन् बापाचा आवाज म्हनून त्यानं घेतला. माहं ध्यान नमाजात नव्हतं. माही मानसं मांगं उभी व्हती, त्यायच्यात व्हतं. पाहा म्हनलं सगळ्यायनं, तडव्याचं पोरगं. सदतीस वरसं रेल्वेत काढली. गाडी सांध्यावर असतानी दांडा हालवाचा नसते, हे मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत हाये. काल हालवला. काल पिंजारीभाईनं मले शाबासकी देली, ते मी घेतली. ते वापस करतो. मांगची जागा मी सोडतो. तिथं मालेगावच्या हाफिजजीनं उभं राहावं. पन पुढं पोरगंच पाहिजे. ते कच्चं नाई."

बोलून झालं आणि ते चालत तिसऱ्या ओळीत जाऊन उभे राहिले. पिंजारी एकदा मुनाफकडे आणि एकदा पाहुण्यांकडे बघत राहिले.

बदरुद्दीन हाफिज हसले. "अकरा वर्षांमागं याच जागी सूरे हूदमध्ये मी तीन वेळा अडलो," ते म्हणाले. "या माणसानं तिन्ही वेळा घास दिला. मला वाटलं, सकाळी गावभर होईल. आज मीच सांगतोय म्हणून तुम्हाला कळतंय. माझ्या चुका अकरा वर्षं झाकल्या आणि स्वतःची एक दिवससुद्धा झाकवली नाही. पढू द्या मुलाला. मी आज नुसता ऐकायला आलो असं समजा."

मुनाफ पुढे गेला. ओळी सरळ करा म्हणायला तो मागे वळला. ओळी सरळ झाल्या, खांद्याला खांदा लागला, तरी तो वळलेलाच राहिला. त्याच्या नेमक्या मागची जागा रिकामी होती. बदरुद्दीन हाफिज तिच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले होते, तिच्यात नाही.

"बा," मुनाफ म्हणाला. मशिदीत, सगळ्यांसमोर, घरच्यासारखा. "जागेवर या. मी सुरू करत नाई."

लोक बाजूला झाले. तिसऱ्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत दहा पावलं असतील. चुलत्यांपैकी थोरला नंतर वस्तीवर सांगत होता, की एवढा रुबाबात चालणारा माणूस आपण पाहिला नाही. खरं तर रुबाबभाऊ खाली बघत चालले होते आणि त्यांना पुढचं नीट दिसत नव्हतं.

कालचं जे सुटलं होतं, ते आज आधी भरून काढायचं होतं. मुनाफनं जादूगारांच्या हकिगतीपासूनच धरलं. आवाज कालचाच होता, पण आत्ता त्यात जीव होता. फिरऔनचे सरदार बोलू लागले. सांधा जवळ आला. सांध्यावर आला, आणि मुनाफ श्वास घ्यायला थांबला.

रुबाबभाऊंची जीभ दातांपर्यंत आली. बरोबर शब्द जिभेवर होते, शंभर टक्के बरोबर. दोन शब्द टाकले असते तर कुणी दोष दिला नसता, उलट कालचं उट्टं निघालं असतं. डावीकडचे बदरुद्दीन हाफिजसुद्धा गप्प होते. शांतता वाढली, की तसं वाटलं, कोण जाणे. रुबाबभाऊंनी दात मिटले आणि त्या शांततेत त्यांना पोराचा श्वास ऐकू आला, आत जाताना, छाती भरताना. तो काल ऐकायचा राहिला होता.

मुनाफ पुढे निघाला. आपल्या वाटेनं, सरळ, ठणठणीत. जादूगार आले, काठ्या पडल्या, जादूगार कपाळ जमिनीला टेकून सजद्यात कोसळले, आणि त्या सरळ वाटेवर एकदाही मागून आवाज आला नाही. वीसच्या वीस रकाती लुक्म्याशिवाय झाल्या. शेवटचा सलाम फिरवताना रुबाबभाऊंचा डावा खांदा बदरुद्दीन हाफिजना लागला आणि ओलं काहीतरी रुबाबभाऊंच्याच दाढीतून ओघळून कुर्त्यावर पडलं. ते त्यांनी पुसलं नाही.

बाहेर पिंजारी चपला घालत होते. जरा ओशाळलेले होते, म्हणून थट्टेत म्हणाले, "काय रुबाबभाई, आज तर तुम्हाला कामच पडलं नाही."

"पडलं ना," रुबाबभाऊ म्हणाले. "पस्तीस वरसात इतकं जड काम पडलं नव्हतं."